जनुकांच्या आधी शिधापत्रिका

२०१८ च्या सुमारास महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत, कार्यालयांत आणि लग्नाच्या पंगतींतही एक वाद चांगलाच रंगला होता. दिवसातून दोनदाच जेवावे आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटोपावे, हा डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित एका बाजूला होते, तर थोडे थोडे, दर दोन तासांनी, पण आपल्या मातीतले आणि ऋतूला धरून खावे, असे सांगणाऱ्या ऋजुता दिवेकर दुसऱ्या बाजूला. दोन्ही पक्षांचे अनुयायी हिरिरीने भांडले. त्या सगळ्या गदारोळात एक गोष्ट मात्र कोणाच्या फारशी लक्षात आली नाही, ती अशी की नियम कोणताही घेतला तरी तो सर्वांसाठी एकच होता. लातूरच्या शेतमजुरालाही तोच आणि पुण्याच्या संगणक अभियंत्यालाही तोच.

आता वारे उलट दिशेने वाहू लागले आहे. सर्वांना एकच नियम लागू पडत नाही, प्रत्येकाचे शरीर वेगळे असते, म्हणून तुमची लाळ एका नळीत पाठवा, तुमच्या आतड्यातल्या जिवाणूंची तपासणी करून घ्या, दंडावर रक्तशर्करा मोजणारा सेन्सर चिकटवा, म्हणजे तुम्ही काय खावे हे आम्ही सांगतो, असा दावा करणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती मोबाइल उघडला की समोर येतात. या दाव्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे, आणि तो खरा असल्यामुळेच दुसरा अर्धा भाग सहज खपून जातो. माणसामाणसांत फरक असतो हे मान्य करूनही माझे म्हणणे असे आहे की आहाराच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरणारे बहुतेक फरक जनुकांच्या अहवालात सापडत नाहीत. ते सापडतात माणसाच्या आजारात, त्याच्या औषधांत, कामाच्या वेळांत, घरातल्या स्थानात आणि शिधापत्रिकेवर मिळणाऱ्या धान्यात. व्यक्तिसापेक्ष आहाराची सर्वांत जास्त गरज ज्यांना आहे त्यांच्यापर्यंत तो पोहोचवायचा असेल, तर तो बाजाराच्या भरवशावर सोडता येणार नाही. ती सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेची जबाबदारी मानावी लागेल.

आधी विज्ञानाकडे पाहू. २०१५ मध्ये इस्रायलमधील वाइझमान संस्थेत एरान सेगल आणि एरान एलिनाव यांच्या गटाने ८०० जणांची रक्तशर्करा आठवडाभर सतत मोजली. तोच पाव, तेवढाच पाव खाल्ल्यावर एकाची साखर झपाट्याने चढली, तर दुसऱ्याची फारशी हललीही नाही. आतड्यातील जिवाणू, शरीराची मापे आणि रक्ततपासण्या यांची माहिती एकत्र करून कोणाची साखर कशाने चढेल याचा अंदाज बांधता येतो, असे त्यांनी दाखवले. पुढे २०२० मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील टिम स्पेक्टर यांच्या गटाने जुळ्यांना सामावून घेऊन अशाच स्वरूपाचा अभ्यास केला. जनुके अगदी सारखी असलेल्या जुळ्यांचेही शरीर एकाच जेवणाला वेगवेगळा प्रतिसाद देते, असे त्यात दिसून आले. म्हणजे फरक आहे, पण तो जनुकांनी फारसा ठरत नाही. जनुकांवर बेतलेला आहार विकणाऱ्यांनी या निष्कर्षाकडे सोयीस्कर काणाडोळा केला आहे.

फरक आहे हे सिद्ध होणे वेगळे, आणि त्या फरकानुसार आहार दिल्याने माणसाचे भले होते हे सिद्ध होणे वेगळे. स्टॅनफर्ड विद्यापीठात क्रिस्टोफर गार्डनर यांनी ६०९ प्रौढांना दोन गटांत विभागून वर्षभर पाहिले. एका गटाचा आहार कमी स्निग्धांशाचा होता आणि दुसऱ्याचा कमी कर्बोदकांचा. कोणत्या जनुकप्रकाराच्या माणसाला कोणता आहार मानवेल याचे गृहीतक अभ्यासाआधीच मांडलेले होते. २०१८ मध्ये निकाल आला तेव्हा दोन्ही गटांचे वजन सरासरीने जवळजवळ सारखेच, म्हणजे ५.३ आणि ६ किलोंनी उतरलेले होते. दोन्ही गटांत काहींचे वजन तीसेक किलोंनी घटले होते, तर काहींचे दहाएक किलोंनी वाढले होते, पण ही तफावत ना जनुकांनी उलगडली, ना इन्सुलिनच्या मोजमापाने. युरोपातील सात देशांत सुमारे १,६०० जणांवर झालेल्या 'फूड फॉर मी' या प्रयोगाचा निष्कर्ष तर अधिकच बोलका आहे. ज्यांना स्वतःच्या खाण्याच्या सवयींवर आधारलेला सल्ला मिळाला त्यांचा आहार सर्वसाधारण सल्ला मिळालेल्यांपेक्षा अधिक सुधारला. मात्र त्या सल्ल्यात रक्ततपासणीची आणि पुढे जनुकांची भर घातल्याने त्याहून अधिक सुधारणा झाली नाही. माणसाला विचारून, त्याचे ताट पाहून दिलेला सल्ला उपयोगी पडला. त्यापुढची महागडी माहिती वाया गेली.

सेन्सरचेही तसेच. मधुमेहाच्या रुग्णाला, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्याला, हे यंत्र वरदान आहे आणि त्याविषयी वाद नाही. पण मधुमेह नसलेल्या माणसांना तेच जेवण काही दिवसांच्या अंतराने पुन्हा दिले तर त्याच माणसाच्या रक्तशर्करेचा आलेख पहिल्यापेक्षा बराच वेगळा येतो, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांना आढळले आहे. मग आज भाकरीने साखर चढली म्हणून भाकरी 'माझ्या शरीराला चालत नाही' असे ठरवणे कितपत शहाणपणाचे? शिवाय स्निग्ध पदार्थांमुळे अन्न जठरातून सावकाश पुढे सरकते आणि साखरेची चढण सौम्य होते. त्यामुळे आलेखावरच विसंबले तर तुपात तळलेला पदार्थ शहाणा ठरतो आणि पेरू गुन्हेगार ठरतो.

पुण्याजवळच्या गावांत झालेल्या कामाची चर्चा मात्र या जाहिरातींत कधीच नसते, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते. हे काम करणारे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील प्रा. जॉन युडकिन या दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३ होता. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दोघांनी आपली छायाचित्रे आणि हे आकडे २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले, आणि भारतीय माणूस वजनाच्या काट्यावर सडपातळ दिसत असला तरी आतून तसा असेलच असे नाही, हे एका पानात जगाला पटवून दिले. आज भारतीयांसाठी या निर्देशांकातली जास्त वजनाची मर्यादा २५ ऐवजी २३ धरली जाते त्यामागे अशाच निरीक्षणांचा आधार आहे.

याचे मूळ कुठे आहे, हे शोधण्याचे काम त्याआधीच, १९९३ मध्ये, पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झाले होते. तेथील गरोदर स्त्रिया काय खातात, किती राबतात, त्यांच्या रक्तात काय कमी आहे याच्या नोंदी झाल्या, आणि जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा पुढे वर्षानुवर्षे होत राहिला. ही बाळे सरासरी २.७ किलोंची होती, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोंची. मात्र वजन इतके कमी असूनही पुण्याच्या बाळांची चरबी त्या मानाने घटलेली नव्हती, घटलेले होते ते स्नायू. कृश पण चरबीयुक्त, अशा या बाळांच्या वाट्याला मधुमेहाचा धोका जन्मापासूनच येतो. आणखी एक गोष्ट पुढे आली: सुमारे दोन तृतीयांश मातांच्या शरीरात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते, आणि ज्या मातांमध्ये ब-१२ कमी पण फोलेट हे ब गटातलेच दुसरे जीवनसत्त्व भरपूर होते त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध सर्वांत जास्त आढळला.

ही माहिती खऱ्या अर्थाने व्यक्तिसापेक्ष आहे, कारण तिच्यावरून कोणाला काय द्यायचे ते ठरवता येते. ब-१२ प्राणिज पदार्थांतूनच मिळते, म्हणजे दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून. आपल्याकडे कोणी धर्माने शाकाहारी असतो, कोणी परिस्थितीने. जातीने मांसाहार वर्ज्य नसलेल्या असंख्य घरांत मटण महिन्यातून एखाद्या वेळी शिजते आणि दूध डेअरीला जाते. त्यामुळे 'तुम्ही शाकाहारी आहात का?' हा प्रश्न पुरेसा नाही, 'गेल्या आठवड्यात दूध, दही किंवा अंडे कितीदा पोटात गेले?' असे विचारावे लागते. त्यात आणखी एक भर: मधुमेहावर सर्वांत जास्त दिल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिन या गोळीने, ती वर्षानुवर्षे चालू राहिली तर, ब-१२ आणखी खाली जाऊ शकते. हातापायांना मुंग्या येणाऱ्या मधुमेही आजीच्या तक्रारीचे मूळ साखरेत आहे, ब-१२ मध्ये आहे की दोन्हींत, हे कळायला जनुकांची तपासणी लागत नाही. तिच्या गोळ्यांची पाकिटे पाहावी लागतात, जेवण विचारावे लागते आणि एक साधी रक्ततपासणी करावी लागते.

रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञांचे रोजचे काम पाहिले तर व्यक्तिसापेक्ष आहार हा काही नवा शोध नाही हे लक्षात येते. मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या रुग्णाला, सगळ्यांसाठी पौष्टिक समजले जाणारे नारळपाणी आणि केळे बंद करावे लागते, भाज्या चिरून, उकळून, ते पाणी टाकून द्यायला सांगावे लागते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्याला पालक-मेथी एकदम वाढवू नका, एकदम सोडूही नका, प्रमाण सारखे ठेवा, असे समजावावे लागते. रात्रपाळीच्या कामगाराचे मुख्य जेवण कोणते, हे त्याच्याकडूनच समजून घ्यावे लागते. रोजा ठेवणाऱ्या मधुमेही रुग्णाच्या औषधांच्या वेळा रमजान सुरू होण्याआधी बदलाव्या लागतात. आणि आपल्या उपवासांचे काय? एकादशी, चतुर्थी, सोमवार धरणारी व्यक्ती त्या दिवशी उपाशी नसतेच, ती साबुदाण्याची खिचडी, वरईचे तांदूळ आणि बटाट्याची भाजी खात असते, म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ. मधुमेही स्त्रीला 'उपवास सोडा' असा हुकूम सोडणारा सल्लागार तिला कायमची गमावतो. खिचडीत साबुदाणा कमी आणि दाण्याचे कूट जास्त घाला, सोबत दही घ्या, असे सांगणारा सल्लागार तिचा उपवासही टिकवतो आणि साखरही सांभाळतो. मधुमेहींसाठी कर्बोदके, प्रथिने आणि स्निग्धांश यांचे सर्वांना लागू पडेल असे एकच आदर्श प्रमाण नाही, आहार व्यक्तीनुसार आखावा, असे अमेरिकन डायबेटिस असोसिएशनही सांगते, पण त्यामागचा आशय माणसाच्या आवडी, परंपरा आणि ऐपत यांनाही धरून आहे.

आयुर्वेदाचा दाखला इथे हमखास दिला जातो, म्हणून त्याविषयी थोडेसे. 'तुमची प्रकृती ओळखा' म्हणत दहा प्रश्नांत माणसाला वात, पित्त, कफ यांच्या खणात टाकणाऱ्या चाचण्या हल्ली पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या शेवटी काहीतरी विकायला ठेवलेले असते. चरकसंहितेतील विमानस्थानात आहाराचा विचार करताना जी आठ अंगे सांगितली आहेत ती मात्र याहून कितीतरी व्यापक आहेत. त्यांतली प्रकृती ही मुळात अन्नद्रव्याची प्रकृती आहे. शिवाय त्यावर केलेला संस्कार, पदार्थांचा संयोग, प्रमाण, देश, काल, खाण्याचे नियम आणि सर्वांत शेवटी खाणारा माणूस व त्याला अंगवळणी पडलेले अन्न. आजच्या प्रयोगशाळेच्या कसोटीवर त्यातले काय टिकेल हा वेगळा प्रश्न आहे. पण देश आणि काल यांना वगळून खाणाऱ्याचा विचार होऊ शकत नाही, एवढे भान त्या मांडणीत आहे, आणि आजच्या जाहिरातींत ते नाही.

आता देश आणि काल यांकडे वळतो, कारण खरी अडचण तिथे आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाठबळाने झालेल्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले तेव्हा मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची १३ कोटींच्या वर असल्याचे दिसले. त्याच पाहणीतून २०२५ मध्ये आहाराची माहिती प्रसिद्ध झाली. भारतीयांच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, आणि त्यांतली बरीच पॉलिशचा तांदूळ, दळलेला गहू व साखर यांतून. भाकरीच्या भक्तांना, आणि मीही त्यांतलाच आहे, अवघड जाईल असा एक निष्कर्ष त्यात आहे: एकूण कर्बोदके तेवढीच ठेवून पांढऱ्या तांदळाच्या जागी अख्खे धान्य किंवा भरडधान्य आणले, तर एवढ्याने मधुमेहाचा धोका कमी झाल्याचे दिसत नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा कमी करून त्या जागी डाळी किंवा दूध यांतली प्रथिने आणली, तर मात्र धोका कमी असल्याचे दिसते. हा संबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे, हे ध्यानात ठेवूनही त्याचा रोख स्पष्ट आहे. सोलापूरच्या मालदांडी ज्वारीची भाकरी उत्तम, पण तीन भाकऱ्या आणि चमचाभर पातळ आमटी हे ताट चार भाकऱ्यांच्या ताटापेक्षा फार वेगळे नाही. ताटात डाळ वाढली पाहिजे, उसळ वाढली पाहिजे, अंडे आले पाहिजे.

ते वाढवायचे कोणाच्या खर्चाने? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने लाभार्थ्याला महिन्याला ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. याचे महत्त्व मी कमी लेखत नाही, भूक या योजनेने खरोखरच मागे हटवली आहे. पण ज्या घरात धान्य फुकट आणि डाळ बाजारभावाने मिळते, त्या घरातली गृहिणी ताट कशाने भरेल हे सांगायला कोणताही अल्गोरिदम नको. तामिळनाडूत रेशनवर सवलतीच्या दरात तूरडाळ कित्येक वर्षे मिळते आहे. महाराष्ट्राने २०२२ च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' सुरू केला तेव्हा १०० रुपयांच्या त्या संचात एक किलो रवा, एक किलो साखर, एक लिटर पामतेल आणि एक किलो हरभराडाळ होती. सण गोड व्हावा यात वावगे काही नाही, तरीही मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या समाजासाठी राज्याने निवडलेल्या चार वस्तूंत डाळ एकच असावी, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

अंड्याची कथा याहून खेदजनक आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे, देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठीचा निधी थांबवला आणि द्यायचेच असेल तर लोकसहभागातून द्या, असे शाळांना सुचवले. ज्या राज्यात पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे आणि सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे २०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते, तिथे प्रथिने आणि ब-१२ दोन्ही एकाच कवचात देणारा पदार्थ खर्चाच्या यादीतून काढला गेला. अंडे खाणाऱ्याला अंडे, न खाणाऱ्याला दुसरे काही, ही सोयही त्या निर्णयात होती. साधी, स्वस्त आणि मुलाच्या घरातल्या रीतिभातींचा मान राखणारी व्यक्तिसापेक्षता याहून वेगळी काय असते? केळ्यात ब-१२ नसते, त्याऐवजी दूध द्यायला हवे होते, ही दुरुस्ती योजना चालू ठेवूनही करता आली असती.

यावर एक आक्षेप येईल: ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनी ते स्वतःच्या जनुकांवर खर्च केले तर तुमचे काय बिघडते? खर्च केला म्हणून काही बिघडत नाही. बिघडते ते असे की आरोग्य बिघडण्याचा सगळा दोष व्यक्तीच्या निवडीवर टाकण्याची सवय समाजाला लागते, आणि धोरण ठरवणारे त्याच वर्गातून आलेले असल्यामुळे त्यांचे लक्षही तिकडेच वळते. दुसरे असे की जनुकीय माहितीचे जागतिक साठे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून उभे राहिले आहेत. विदर्भातील गोंड स्त्रीला किंवा कोकणातील आगरी पुरुषाला त्यावरून सल्ला देणे आज शास्त्रीयदृष्ट्याही कच्चे आहे. संशोधन थांबवा असे मी म्हणत नाही. उलट पुण्याजवळच्या त्या सहा गावांसारखे, तीस वर्षे चिकाटीने चालणारे अभ्यास विदर्भात, मराठवाड्यात, नंदुरबारमध्ये झाले पाहिजेत. पण संशोधनाचा विषय आणि विकाऊ सल्ला यांत अंतर राखले पाहिजे.

मग सार्वजनिक व्यवस्थेने नेमके काय करावे? पहिली गोष्ट, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतील मधुमेह-रक्तदाबाच्या बाह्यरुग्ण विभागात प्रशिक्षित आहारतज्ज्ञाचे पद असावे आणि ते भरलेले असावे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आहारतज्ज्ञांना संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या यादीत स्थान दिले आहे. त्यांची नोंदणी नीट अमलात आली तर समाजमाध्यमांवरच्या स्वयंघोषित सल्लागारांनाही थोडा आळा बसेल. आज गर्दीच्या वेळी डॉक्टरांकडून मिळणारा आहारसल्ला 'गोड आणि भात बंद' एवढ्या चार शब्दांत संपतो, यात डॉक्टरांचा दोष नाही, त्यांच्यापुढे रांग असते.

पण आहारतज्ज्ञ प्रत्येक गावात पोहोचणार नाही, हेही खरे. आशाताई मात्र पोहोचतात. तिशीच्या पुढच्या माणसांची मधुमेह-रक्तदाबासारख्या आजारांसाठी प्राथमिक तपासणी करताना त्या एक अर्ज भरतात, त्यात कमरेचा घेर, तंबाखू, दारू, शारीरिक हालचाल, घराण्यातला मधुमेह यांची नोंद होते. त्याच भेटीत चार-पाच नेमके प्रश्न विचारता येतील: काल दिवसभरात डाळ किंवा उसळ किती वाट्या झाली, आठवड्यात दूध-दही-अंडे कितीदा, महिन्याला तेल किती आणि घरात माणसे किती, कोणत्या गोळ्या चालू आहेत, आणि घरात सर्वांत शेवटी कोण जेवते. त्यासाठी आशाताईंचा मोबदला वाढवावा लागेल, कारण त्यांच्यावर कामे लादण्याची आपल्या यंत्रणेला सवय आहे आणि पैसे देण्याची नाही. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सून सासूसमोर देणार नाही, म्हणून तो भरल्या घरात न विचारता लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत, ती बाळाला घेऊन एकटी आलेली असताना विचारावा लागेल, आणि तिचे उत्तर ऐकून अंगणवाडीच्या आहारातला तिचा वाटा तिथेच, तिच्या समोर, तिला खाऊ घालण्याची तजवीज करावी लागेल.